बंद गाडीचा पंखा

इंजिन बंद केलं की ते थंड व्हायला लागतं असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं ते आणखी तापतं. पाणी फिरायचं थांबलेलं असतं, वारा थांबलेला असतो, आणि लोखंडात मुरलेली धग त्या उभ्या पाण्यात उतरत राहते. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे हे मला पुस्तकात सापडलं नाही. नांदेडला मामाच्या रेडिएटरच्या दुकानात नुकत्याच बंद केलेल्या जीपचं झाकण उघडायला गेलो, तेव्हा मामाने हात धरून मागे ओढलं आणि मग एक कानाखाली दिली. तेव्हापासून माहीत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, "मिस्त्री, तुला तरी कळायला पाहिजे होतं." मला कळत होतं. सगळं कळत होतं, तरी त्या शेडमध्ये गेलो की माझ्या अंगावर काटा यायचा.

माझं गाव हिंगोलीकडे. बायको-पोरं तिकडेच असतात. कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून माझं दुकान आहे: पत्र्याची एक खोली, पुढे ताडपत्री, आणि गोडाऊनच्या टेम्पोंची रेडिएटरं भिंतीला टेकवून ठेवलेली. ही जागा ज्यांनी दिली त्यांना सगळे दादूस म्हणायचे. आगरी माणूस. वाडवडलांची भातशेती, आता तिच्यावर गोडाऊनं. मी तेव्हा झाळायचं सामान पिशवीत घेऊन नाक्यावर ट्रकवाल्यांना विचारत फिरायचो. दादूसनी त्यांच्या टेम्पोचं गळकं रेडिएटर मला करायला दिलं, महिनाभर ते परत गळतंय का ते बघितलं आणि एक दिवस गाडी थांबवून म्हणाले, "ए रेडिएटर, रस्त्यान काय उभा ऱ्हातस? माझी खोली रिकामी हाय, तिथं बस." त्या दिवसापासून माझं नावच रेडिएटर पडलं. दुकान अजून तिथेच आहे. रोज शटर वर करताना मी त्यांना मनात हात जोडतो.

दादूसना ना दारूचा नाद, ना पत्त्यांचा. नाद होता एका गाडीचा. जुनी, परदेशातून आलेली, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी. गडद हिरवी. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असायचे. बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे वर यायचे. मला ते पहिल्यापासून आवडलं नाही. गाडी आपल्याकडे बघतेय असं वाटायचं. पण दिसायची मात्र अशी की नाक्यावरचे लोक चहा सोडून बघत राहायचे.

फक्त ती होती थंड देशातली. आपल्याकडच्या उन्हात, ट्रेलरच्या रांगेत तिचा जीव जायचा. वैनींचं, म्हणजे दादूसच्या बायकोचं, माहेर मानकोलीच्या पुढे खाडीकडच्या गावात. दादूसनी त्यांना या गाडीतून माहेरी न्यायचा दोनदा घाट घातला आणि दोन्ही वेळा मानकोली नाक्यावर पाण्याची उष्णता दाखवणारा काटा लाल पट्टीत गेला. पहिल्या वेळी दोघं तासभर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दुसऱ्या वेळी वाफ दिसताच वैनी आंब्यांची पाटी घेऊन उतरल्या, रिक्षाला हात केला आणि म्हणाल्या, "गाडी न्हाय ही, चूल हाय. तुमी बसा शेकत." आणि एकट्या माहेरी गेल्या. हे दादूसनी मला स्वतः हसत हसत सांगितलं. पण हसणं संपल्यावर म्हणाले, "रेडिएटर, एकदा तरी तिला नेली पायजे रे. नीट, थंड बसून."

मी गाडी बघितली. रोग कळायला वेळ लागला नाही. पंखा उघडाच होता, त्याला काऊल नव्हता. काऊल म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं खोकं. ते असलं की पंखा रेडिएटरच्या सगळ्या जाळीतून हवा ओढतो, नसलं की फक्त आपल्यापुरती मधली. जाळीच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढ्या फटी, त्यांतून इंजिनची गरम हवा फिरून परत पुढे यायची. सायलेन्सरचा पाईप उघडा. सगळी साधी कामं. पण दिवाळी तोंडावर होती, गोडाऊनमध्ये माल धो-धो येत होता, टेम्पोवाले दारात ओरडत होते. मी म्हणालो, "दिवाळीनंतर करू, दादूस." तात्पुरतं म्हणून एकच केलं. पंख्याची वायर चावीतून न घेता सरळ बॅटरीला जोडली आणि मध्ये, गरम पाणी जिथून बाहेर पडतं त्या वरच्या नळीजवळ, एक स्विच बसवला. पाणी तापलं की स्विच आपोआप लागतो, निवलं की सुटतो. चावी काढून खिशात टाकली तरी पंखा आपलं काम करत राहतो.

दिवाळीच्या आधीच दादूस गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत.

दहाव्याला मी खाडीवर गेलो होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. समोरच्या खारफुटीत सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. मुलगा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळे जागचे हलले नाहीत. "जमिनीचा आणखी तुकडा मोडणार नाही." नाही. "आत्याशी बोलणं सुरू करीन." आत्याने पदर डोळ्याला लावला, कावळ्यांनी काहीच केलं नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करू या म्हणाले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "गाडीचा बोला रं, गाडीचा! त्यो जीव तिथं हाय!" काही लोक हसले. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी विकणार नाही." एक कावळा फांदी सोडून खालच्या दगडावर आला आणि तिथेच मान तिरकी करून बसला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.  पुढे झालो, हात जोडले आणि जे आलं ते बोललो, "दादूस, गाडी मी थंड करून देतो. वैनीला तिच्यात बसवून मी माहेरी नेतो. मानकोलीला काटा चढणार नाही." बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

लोकांनी सुस्कारा सोडला. मी घरी आलो आणि ताप भरल्यासारखा पडून राहिलो. माणसाला दिलेला शब्द पुढेमागे करता येतो. हा शब्द कुणाला दिला होता?

मुलाला मी तेव्हा एक सल्ला दिला होता, गाडी नुसती उभी ठेवू नका, बॅटरी बसेल, दिवसाआड चक्कर मारा. त्याने तो जरा जास्तच पाळला. रोज दुपारी जेवायला घरी आला की आधी गाडी रांजणोली नाक्यापर्यंत नेऊन आणायचा, घरामागच्या शेडमध्ये लावायचा आणि आत जेवायला जायचा. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, त्याचा फोन आला.

"मिस्त्री, जरा येऊन जा."

"गाडीला काय झालं?"

"गाडीला नाही. म्हणजे गाडीलाच. तू दुपारी ये, बाराच्या सुमाराला. मग कळेल."

मी गेलो. घरामागे आवाज नव्हता. पलीकडच्या कारखान्यातले कापडाचे लूमसुद्धा जेवणाच्या सुट्टीला थांबले होते, आणि भिवंडीत लूम थांबले की कान बधिर झाल्यासारखे होतात. शेडच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं, त्यांतून उन्हाचे ठिपके गाडीवर पडलेले. गाडीचे दिवे वर उघडलेले होते. तिच्या तोंडासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर वैनी बसल्या होत्या, आणि जमिनीवर, बंपरच्या बरोबर खाली, बशीत ओतलेला चहा.

"दिवे मिटवायला देत नाही," मुलगा माझ्या कानाशी म्हणाला. "म्हणते, त्यांना दिसाया पायजे."

वैनींनी मागे न बघता बोट वर केलं. गप. गाडीतून निवणाऱ्या लोखंडाचा आवाज येत होता, टिक, थांबून टिक. मी मनात मिनिटं मोजत होतो, मला ठाऊक होतं आता काय होणार, आणि तरी ते झालं तेव्हा मी दचकलो. चावी मुलाच्या हातात, गाडीत कुणी नाही, आणि पंखा घुर्र करून सुरू झाला. जाळी हवा आत ओढायला लागली आणि समोरचा वैनींचा पदर गाडीच्या दिशेने हलला. कुणी हळूच धरून ओढावा तसा.

"आलाव," वैनी म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. "चाय घ्या. बरं, त्या खालच्या गोडाऊनचा पत्रा बदलू का? पावसान गलत व्हता." आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागल्या. एका हाताची पेरं संपायच्या आत पंखा थांबला.

"हो बोलले," वैनींनी मुलाला सांगितलं. "पत्रा बदल."

मला हसू यायला पाहिजे होतं. पेरं संपायच्या आत थांबला तर हो, पुढे चालत राहिला तर नाही, असा त्यांचा नेम होता. मला माहीत होतं की पंखा किती वेळ चालेल ते ऊन किती, वारा किती, नाक्यावर गाडी किती वेळ अडकली यावर आहे. पण ते सांगायला तोंड उघडणार तोच वरची धग पुन्हा पाण्यात उतरली असावी, पंखा पुन्हा सुरू झाला. या वेळी वैनी पुढे वाकल्या. एकदम जवळ. लग्नातली नवी नवरी बोलते तशा हळू बोलल्या.

"आन मी कंदी येऊ? याच सालान येऊ का?"

अंगठा पेरांवरून चालायला लागला. मीही मोजत होतो. आठ. नऊ. दहा. पंखा चालू होता. बारा पेरं संपली, पंखा चालूच होता.

"न्हाय बोलले." बस उशिरा येतेय असं सांगावं तशा त्या म्हणाल्या. "कालपन न्हाय बोलले. मी रोज इचारतंय. एक दिस बोलतील हो."

त्या उठल्या तेव्हा मला त्यांचा हात दिसला. बांगडी कोपरापर्यंत घसरत होती. "अर्धी भाकरी खाते दिवसाला," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मिस्त्री, ती वायर कापून टाक ना."

"आणि उद्यापासून बोलणंच बंद झालं तर त्या काय समजतील?"

त्याने डोळे पुसले. माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. ऑक्टोबरचं ऊन ओसरत आलं होतं. थंडीचा वारा सुटला की इंजिन लवकर निवणार, पंखा लवकर थांबणार. दहा दिवस, फार तर पंधरा. मग एका दुपारी पेरं संपायच्या आत तो थांबणारच होता. आणि वैनी काही उडी मारणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या फक्त ती अर्धी भाकरीही ताटात ठेवून देणार होत्या.

गाडी दुकानात नेतो म्हणालो तर वैनी नको म्हणाल्या. "काय कराचा हाय ता हितंच कर. माझ्यासमोर." मग मी दुकान बंद ठेवून शेडमध्येच काम मांडलं. पत्रा कापून काऊल केला. जाळीच्या बाजूच्या फटींत स्पंजच्या पट्ट्या दाबून बसवल्या. सायलेन्सरच्या पाईपसाठी काचेच्या धाग्याचा पट्टा लागतो, तो इथे सायझिंगच्या कारखान्यात मिळतो. सुताला खळ देतात तिथल्या बॉयलरच्या नळ्यांना तोच गुंडाळतात. ओळखीच्या बॉयलरवाल्याने उरलेलं भेंडोळं दिलं. पट्टा बादलीत भिजवायचा, ओलाच ताणून गुंडाळायचा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. हातांना दोन दिवस खाज सुटते.

वैनी स्टुलावर बसून बघत होत्या. "भाजलेल्या मानसाला बांधतान तशा पट्ट्या बांधतस," त्या म्हणाल्या.  मलाही तसंच दिसायला लागलं.

घाबरलेल्या माणसाच्या हातून नेमकी सोपी गोष्ट सुटते. नवा पट्टा पहिल्यांदा तापला की धूर सोडतो, हे आधी सांगून ठेवायचं असतं. मी विसरलो. गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत खालून पांढरा धूर यायला लागला, दाट, जमिनीवरून सरकत. गाडीचं पोट दिसेना, चाकं दिसेनात, नुसते ते दोन उघडे दिवे धुरावर तरंगत राहिले. वैनी उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"जलतान," त्या म्हणाल्या. "अजून जलतान."

"वैनी, पट्टा आहे तो! पट्ट्याचा धूर आहे!" मी ओरडलो, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

बॉनेटला जाळीची भोकं पाडली असती तर गरम हवा सरळ वर गेली असती. वैनींनी पत्र्याला करवत लावू दिली नाही. "त्यांच्या गाडीला भोक पाडाचा न्हाय." मग मी बॉनेटच्या मागच्या बिजागरांखाली दोन्हीकडे जाड वॉशर घातले. मागची कड दीड बोट वर आली. गाडी उभी असताना धग त्या फटीतून निघून जाते. वेगात त्याचा उपयोग नाही, उलट काचेपाशी वारा आत शिरतो. पण आम्हाला वेगात जायचं नव्हतं, मानकोलीच्या रांगेत उभं राहायचं होतं. फटीवर हात धरला तर गरम हवा लागत होती. वैनींनीही हात धरला आणि बराच वेळ काढला नाही.

तिसऱ्या दुपारी मुलगा चक्कर मारून आला. आम्ही वाट बघितली. पंखा लागला, पण उशिरा, आणि वैनींनी तोंड उघडायच्या आतच थांबला. पुन्हा लागला नाही.

"आज इचारलाच न्हाय," त्या कासावीस झाल्या.

 अजून एक दिवस आणि त्या लवकर विचारणार, आणि उत्तर 'हो' येणार. मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो.

"वैनी, एक सांगतो, रागावू नका. हा पंखा मी लावलाय. पाणी तापलं की लागतो, निवलं की थांबतो. स्विच दाखवू का? दादूस नाहीत त्यात. माझी वायर आहे."

"मना ठाव हाय."

"काय?"

"तुझी वायर हाय ता. तू लावत व्हतास तवा मी चाय घेऊन आलेली. ते काय बोलले तुला, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं.

"बोलले, रेडिएटर, मी उतरून गेलो तरी हिचा पंखा चालत ऱ्हाला पायजे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोन बोलतो असा? तूच सांग."

असं माझ्याकडे दिवसातून दहा ड्रायव्हर बोलतात. उतरून गेलो तरी पंखा चालू पाहिजे, मिस्त्री. पण ते त्या शेडमध्ये, त्या दोन दिव्यांसमोर, माझ्या तोंडून निघेना. जे निघालं ते असं:

"मग त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. तुम्हाला माहेरी न्यायचं. मी पिंडासमोर बोललोय, वैनी, कावळा त्याच बोलण्यावर शिवलाय. तुम्ही पंख्याला काय विचारायचं ते विचारा, पण आधी मला मोकळं करा. माझं गाव लांब आहे, माझ्या पोरांवर हे ओझं नको."

त्यांनी पदराने बंपर पुसला. मग म्हणाल्या, "उद्या ने. पन तिथं उतरायच्या आदी मी इचारनार. माझ्या माहेरच्या दारान बोलतील ता खरा. मंग परत इचारनार न्हाय."

"आणि पंखा लागलाच नाही तर?"

"तर ते तिथं न्हाईत." त्यांनी खांदे उडवले. "जो न्हाय त्याला काय इचाराचा?"

म्हणजे आता एकच वाट होती. पंखा लागताच कामा नये. त्या संध्याकाळी मी ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा वाकवून सायलेन्सर आणि वरची नळी यांच्यामध्ये आडवा बसवला, म्हणजे पाईपची झळ स्विचपर्यंत पोचणार नाही. पाणी बदललं, झाकणाचं रबर बदललं. मग माझा हात त्या वायरकडे गेला. एक चिमटा आणि काम झालं असतं. पण मग मानकोलीला पंखा नसता, काटा लालमध्ये गेला असता. आणि ते सोडा, मी गाडी थंड करीन असं बोललो होतो, गाडीचं तोंड दाबीन असं बोललो नव्हतो. हात मागे घेतला. सामान भरेपर्यंत तीन वेळा परत जाऊन वायर जागेवर आहे ना ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी अकराला निघालो. मी चालवत होतो, शेजारी वैनी, गुडघे छातीशी घेतल्यासारख्या, एवढी ती सीट खाली. मानकोलीला नेहमीसारखी ट्रेलरची रांग. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आम्ही त्यांच्या चाकांच्या उंचीचे. बॉनेटच्या मागच्या फटीतून धग वर येत होती आणि तिच्यातून समोरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं.

"लाल कुठं हाय?" वैनींनी विचारलं.

मी काट्यावर बोट ठेवून दाखवलं.

"आन आता कुठं हाय?"

"निम्म्याच्या वर, एक रेघ."

त्या काट्याकडे बघत राहिल्या. वीस मिनिटं तरी आम्ही तिथे होतो. पंखा मधेमधे लागत होता, चालत्या इंजिनात त्याचा आवाज मिसळत होता, वैनी त्याकडे लक्ष देत नव्हत्या. काटा एक रेघभर वर, परत खाली. लालकडे गेला नाही. रांग सुटली तेव्हा वैनींच्या तोंडून एवढंच निघालं, "बघा, मी हिला चूल बोलली व्हती." कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

माहेरच्या दारात, भावाच्या घरासमोर गाडी लावली. इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवलं की आतली धग बरीच निघून जाते, म्हणून मी चावीला हात लावला नाही. वैनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बंद कर. आता फसवाचा न्हाय."

मी चावी फिरवली.

टिक. टिक. घरातून भावजय दारात आली, आमच्याकडे बघून काही न बोलता परत आत गेली. काच वर, ऊन काचेवर, आम्ही दोघं समोर बघत बसलेलो. एक मिनिट. दोन. वैनींचा अंगठा पहिल्या पेरावर तयार होता. तिसऱ्या मिनिटाला समोरून खट असा आवाज आला. पत्रा निवून हलला होता. बाकी काही नाही.

"आलाव का?" वैनींनी विचारलं.

खाडीकडून वारा आला, अंगणात वाळत टाकलेली मासळीची जाळी हलली.

"मी येऊ का?"

काही नाही. पाच मिनिटं झाली असतील. दहा. मला माहीत होतं की आता तो लागणार नाही. दहा मिनिटांनंतर लागतच नाही. तरी मी कान टवकारून बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला काय ऐकायचं होतं तेच कळेनासं झालं होतं. वैनींच्या गालावरून घाम ओघळत होता की पाणी, मी बघितलं नाही. अर्धा तास झाला असावा. अंगठा पेरावरून निघाला आणि हात मांडीवर पडला.

"तू जेवलास का रे?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"सकालधरना?"

"काही नाही खाल्लं. भीती वाटत होती."

त्या माझ्याकडे वळल्या. किती तरी दिवसांनी माणसाकडे बघावं तशा. "माझ्या माहेरच्या दारान मानूस उपाशी बसवलाय मी? लोक काय बोलतील?" त्यांनी दार ढकललं, पण एवढ्या खालच्या सीटमधून उठता येईना. मी धावत पलीकडे गेलो, हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला आणि जोर लावून उभ्या राहिल्या. घराकडे जाताना दारातूनच भावजयीला हाक मारली, "अगो, मिस्तरीला पान वाढ. वायच रस्सा जास्त घाल." आणि मग थोड्या खालच्या आवाजात, "मना पन."

मी काच लावायला म्हणून मागे राहिलो. काच लावलेलीच होती. अंगणात कुणी नव्हतं, ऊन डोक्यावर होतं. बॉनेटवर हात ठेवला. कोमट, गुराच्या पाठीसारखं. दिवे मिटलेले होते.

"दादूस," मी म्हणालो, "झालं का काम?"

काही झालं नाही. आणि ते काही न होणं मी तिथे उभा राहून इतका वेळ ऐकत होतो, की शेवटी वैनीच ओट्यावर आल्या आणि ओरडल्या, "अरे, कोनाशी बोलतस? भाकर निवते, ये."